दुर्बिणीत बघणारी माणसं

अमेरिकेत लेकीकडे राहायला गेलेल्या निवृत्त माणसाला गाडी चालवता येत नसेल, तर त्याला एकच उद्योग उरतो. कोणाचं गॅरेज उघडं आहे ते बघत फिरायचं. ऑस्टिनच्या पश्चिमेला टेकड्यांवर पसरलेल्या त्या वसाहतीत कट्टा नाही, टपरी नाही, देवळाचा पार नाही. घरांची पुढची दारं फक्त शोभेला आणि पार्सलवाल्याला. पण गॅरेजचं दार वर गेलेलं दिसलं की समजावं, आत माणूस आहे आणि त्याला बोललेलं चालणार आहे.

समोरच्या गॅरेजात गाडी नव्हती. गाडी बाहेर उन्हात आणि आत सावलीत, पांढरा कागद अंथरलेल्या लांब टेबलावर, रायफलीवर बसवायच्या जुन्या दुर्बिणी. तिकडे त्यांना स्कोप म्हणतात. मालक सत्तरी ओलांडलेले, चांगले उंच, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. सगळी गल्ली त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची, आमचा नातूसुद्धा. माझी जीभ काही रेटेना. म्हणून मनातल्या मनात मी त्यांना अण्णा म्हणायला लागलो, आणि पुढे पुढे तोंडानेही. त्यांनी अर्थ विचारला नाही. भिंगातून डोळा न काढता पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं, तेवढ्यात नातं जमलं.

"बाबा, तिकडे बंदुका असतात, जपून," असं लेकीने बजावलं होतं. बंदुका होत्या, पण पोलादी कपाटात, कुलपात. तिथून एकही बाहेर आलेली मी पाहिली नाही. बंदूक बाहेर काढायची तर तिच्यावर स्कोप हवा, आणि अण्णांचा एकही स्कोप कधी अखंड नसायचा.

"तुम्ही पूर्वी शिकार करायचात?" मी विचारलं.

"अजूनही करतो," अण्णा म्हणाले. "हा एवढा स्कोप तयार झाला की."

मला त्या टेबलाची ओढ लागली त्याचं कारण खात्यातलं होतं. उभा जन्म सार्वजनिक बांधकाम खात्यात डंपी लेव्हलला, म्हणजे जमिनीची उंचसखल मोजायच्या दुर्बिणीला, डोळा लावण्यात गेला. अण्णांनी पहिला स्कोप उलगडून दाखवला तेव्हा मी म्हणालो, "अहो, ही तर आमचीच!" पुढे मोठं भिंग, मागे डोळ्याजवळचं भिंग, आणि अधेमधे, चित्र जिथे उमटतं नेमक्या त्या जागी, ताणून बसवलेल्या दोन तारा. सगळं तेच. फरक इतकाच, की आमच्या जुन्या डंपीतून सगळं उलटं दिसायचं. स्टाफ धरणारा मजूर खाली डोकं वर पाय, त्याच्या पायांवर रस्ता आणि डोक्याखाली आभाळ. आम्ही उलटं वाचून सुलटं लिहायचो, आणि खात्याच्या एकंदर कारभारात त्याचं कोणाला विशेष वाटलं नाही. शिकाऱ्याला मात्र हरीण खुरं वर करून चरताना दिसलं तर पंचाईत. म्हणून स्कोपच्या पोटात आणखी भिंगं घालून उलटलेलं चित्र पुन्हा सुलटं करतात. पुढची निम्मी दुखणी या पोटातल्या भिंगांची.

अण्णांचं दैवत वीव्हर. विल्यम वीव्हर नावाच्या तरुणाने १९३० साली, ऐन मंदीत, केंटकीत ३३० नावाचा स्कोप काढला आणि बसवायच्या मांडणीसकट १९ डॉलरला विकला. त्याआधी चांगला स्कोप म्हणजे जर्मनीचा नाहीतर ऑस्ट्रियाचा, आणि त्याची किंमत ऐकून साधा शिकारी नुसत्या डोळ्यांवर समाधान मानायचा. वीव्हरने पुढे कारखाना टेक्सासात एल पासोला हलवला. दुसऱ्या महायुद्धात त्याचे स्कोप अमेरिकी सैन्याच्या स्प्रिंगफील्ड रायफलींवर चढले. १९४७ला 'के' मालिका आली. त्यातला के-४ म्हणजे चारपट मोठं दाखवणारा, एक इंची पोलादी नळीचा. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत तो बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून माळ्यावर जातो.

माळ्यावरून उतरलेल्या स्कोपची दुखणी ठरलेली. आतलं ग्रीस सुकतं, त्यातलं तेल उडून काचांवर बसतं आणि बाहेरचं रणरणतं टेक्सास जुलैतल्या माथेरानसारखं दिसायला लागतं. दुसरं दुखणं जोडभिंगाचं. रंग फाकू नयेत म्हणून दोन वेगळ्या जातींच्या काचा चिकटवून एक भिंग करतात. पूर्वी चिकटवायला कॅनडा बाल्सम वापरत, म्हणजे तिकडच्या फर झाडाचा चीक. काही दशकांनी तो पिवळा पडतो आणि कडेने सुटायला लागतो. मग भिंगाच्या काठाला इंद्रधनुष्य उमटतं. नवखा माणूस म्हणतो, वा, काय रंग आहेत. अण्णा म्हणतात, "घटस्फोट."

हा घटस्फोट आधी पूर्ण करावा लागतो आणि मग त्याच दोघांचं लग्न पुन्हा लावावं लागतं. भिंग पाण्यात ठेवून अगदी हळूहळू तापवायचं; घाई केली की काच तडकलीच. त्याआधी काठावर पेन्सिलीने खूण करायची, म्हणजे जोडताना काचा जुन्याच अंगाने बसतात. सुटल्या की असिटोनने पुसायच्या आणि अतिनील दिव्याखाली घट्ट होणाऱ्या नव्या गोंदाने चिकटवायच्या. अण्णांनी हा प्रयोग पहिल्यांदा घरात, शेगडीवर, सूपच्या पातेल्यात केला होता. त्यानंतर त्यांच्या पत्नीने ते पातेलं त्यांना कायमचं बक्षीस दिलं, आणि पातेल्याबरोबर गॅरेजही. गाडी उन्हात का उभी असते, ते मला तेव्हा कळलं.

स्कोप उघडताना बघणं हा एक वेगळाच कार्यक्रम. के-४ची मागची बाजू आधी हीट गनने शेकायची. रबरी पट्ट्याचा पाना आवळायचा. मग अण्णा डोळे मिटून घेत. जोर लावताना नव्हे, ऐकताना. "कर्र" असा आवाज आला तर आटे सुटले. "टक्" असा आला तर काहीतरी तुटलं. आत भिंग धरून ठेवणारी एक कडी असते. तिला समोरासमोर दोन बारीक खाचा, आणि त्या खाचांत बसणारा दोन टोकांचा पाना. हा पाना निसटला तर तो थेट भिंगावरून, या काठापासून त्या काठापर्यंत, कायमची सही करून जातो. म्हणून भिंगावर आधी कागदी टेप. मग भिंग, पितळी नळकांडं, पुन्हा भिंग, अशी वरात कागदावर ओळीने मांडायची. प्रत्येकाशेजारी बाण, पुढची बाजू कुठली ते दाखवायला. मोबाइलवर फोटो. एवढा बंदोबस्त करूनही एकदा एक पितळी चकती कमी भरली. टेबलाखाली, टोपीत, माझ्या शर्टाच्या खिशात, सगळीकडे शोधली. ती ग्रीसला चिकटून अण्णांच्या अंगठ्यावरच होती आणि दुपारी सँडविचमध्ये लागली.

पण खरी गंमत धुळीची. स्कोपच्या पुढच्या भिंगावर भलामोठा ओरखडा असला तरी आतून बघणाऱ्याला तो दिसत नाही. प्रकाश थोडा कमी होतो, एवढंच. उलट, तारा जिथे असतात त्या पातळीवर साधा धुळीचा कण बसला तर तो डोळ्याजवळच्या भिंगातून मोठा होऊन, तारेइतकाच ठसठशीत, माळावर कावळा बसावा तसा दिसतो. घरी दुरुस्ती करणाऱ्याचा जन्म या कावळ्यापायी जातो. अण्णा सगळ्या काचा पुसणार, फुंकणी मारणार, स्कोप बंद करणार, आभाळाकडे धरून डोळा लावणार. मग थोडा वेळ शांतता. मग इंग्रजीतला एक छोटा शब्द. कण आहे. पुन्हा उघडायचं. उघडल्यावर तो कण जातो आणि गॅरेजातला ताजा कण त्याच्या जागेवर रुजू होतो. आमच्या खात्यात बदल्या अशाच व्हायच्या.

असं चाललेलं असताना बाहेर काय चाललं होतं, तेही सांगितलं पाहिजे. त्या भागात पांढऱ्या शेपटीची हरणं वस्तीत राजरोस फिरतात. आमच्या जावयाने लावलेले गुलाब ती कळीसकट खातात. ऐन नोव्हेंबरात, शिकारीचा हंगाम चालू असताना, एक मादी आणि तिची दोन पाडसं अण्णांच्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. अण्णांनी त्याच वेळी स्कोप डोळ्याला लावलेला होता, आणि त्याचं तोंडही त्यांच्याच दिशेला होतं. मी हळूच म्हणालो, "अण्णा, हरणं." अण्णा म्हणाले, "मध्ये येतायत. मला कण दिसत नाहीये."

माझं मत तेव्हा पक्कं झालं. दुर्बिणीतून बघणारी माणसं वेगळी आणि दुर्बिणीत बघणारी वेगळी. हरणांना धोका पहिल्यांपासून. दुसऱ्यांना हरीण म्हणजे मागचा पडदा. टेक्सासच्या वन्यजीव खात्याने प्रत्येक शिकाऱ्याला एकेक बिघडलेला के-४ आणि पान्यांचा संच वाटला, तर बाकी काही नियम करायची गरज पडणार नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी अण्णांच्या हाती एक ३३० आला आणि त्याची आडवी तार तुटलेली निघाली. तार म्हटल्यावर माझी छाती जरा फुगली. पुण्यामुंबईत स्थापत्य शिकलेल्या कोणालाही विचारा, कानेटकर-कुलकर्णींच्या मोजणीच्या पुस्तकातून गेला असेल तर डायफ्रॅमच्या, म्हणजे दुर्बिणीतल्या त्या कडीवरच्या, तारा कशाच्या असतात ते त्याला ठाऊक असतं. जुन्या उपकरणांत त्या कोळ्याच्या धाग्याच्या असायच्या. माझ्या आधीचे ओव्हरसियर सांगायचे, की कॅम्पवर तार तुटली तर शिपायाला कोळी पकडायला पिटाळायचे आणि जिवंतच आण म्हणून बजावायचे. जाळ्यातले गोल धागे चिकट असतात, ते उपयोगाचे नाहीत. कोळी खाली लोंबकळताना जो सोडतो तो साधा धागा हवा. कोळ्याला काडीवरून हलकेच झटकायचं, तो धागा सोडत खाली सुटतो, तो दुबेळक्यावर गुंडाळून घ्यायचा आणि डायफ्रॅमवरच्या खाचांत लाखेच्या ठिपक्याने चिकटवायचा. कोळ्याची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला करायची का, यावर म्हणे एकदा पत्रव्यवहारही झाला होता.

अण्णांनी हे ऐकून भिंग डोळ्यावरून काढलं. त्यांच्याकडेही कोळ्यांच्या गोष्टींचं भांडार होतं. इंग्लंडात लीड्सजवळ विल्यम गॅस्कॉइन नावाचा तरुण होता. सतराव्या शतकात, १६४०च्या आगेमागे, त्याच्या उघड्या राहिलेल्या दुर्बिणीत एका कोळ्याने धागा टाकला, आणि तो नेमका चित्र उमटतं तिथेच टाकला. गॅस्कॉइनने डोळा लावला तर समोरच्या दृश्यावर स्वच्छ रेघ. नेम धरायची दुर्बीण तिथे जन्मली. खुद्द गॅस्कॉइन १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना मारला गेला. कोळ्याचं पुढे काय झालं ते इतिहासाला माहीत नाही, पण त्याची जमात या धंद्यात टिकली. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे टी. के. ली नावाचे नेमबाज स्कोपच्या मधोमध, कोळ्याच्या धाग्यावर, एक नुसता काळा ठिपका टांगून द्यायचे. 'ली डॉट' म्हणून तो ठिपका मिरवणारे स्कोप अजून जपले जातात. दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियात युकायपा गावी नॅन साँगर नावाची बाई घरात कोळी पाळून त्यांचे धागे उपकरणं बनवणाऱ्यांना पुरवायची. त्यांत काळी विधवा म्हणतात तो विषारी कोळीही होता. बाई त्याला हाताळायची कशी, हा प्रश्न मला पडला. अण्णांना पडलेला प्रश्न वेगळा होता: अशी बाई आता कुठे मिळेल?

त्या दिवसापासून गॅरेजच्या कोपऱ्यातली जाळी काढायला बंदी झाली. कच्चा माल. त्यांच्या पत्नीने माझ्याकडे असं बघितलं की पुढचे काही दिवस मी मागच्या रस्त्याने फिरायला गेलो.

अण्णांच्या शांत स्वभावाला न शोभणारी एक गोष्ट म्हणजे त्यांचा धुक्यावरचा राग. जुन्या स्कोपमध्ये साधी हवा असायची. थंडीत त्या हवेतली वाफ आतून काचेवर धरायची. ऑरेगनमधल्या ल्यूपोल्ड कंपनीत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की मार्कस ल्यूपोल्ड यांच्या स्कोपवर ऐन वेळी आतून धुकं धरलं आणि हरीण निसटलं. त्यांनी तिथेच शपथ घेतली, की याहून बरा स्कोप मी स्वतः करीन. १९४७ साली कंपनीने नायट्रोजन भरून बंद केलेला, धुकं न धरणारा स्कोप बाजारात आणला. एक हरीण सुटलं आणि पुढच्या कित्येक पिढ्यांवर संक्रांत आली. अण्णा ही गोष्ट भक्तिभावाने सांगायचे आणि स्वतःही नायट्रोजनचं नळकांडं आणून बसले होते. बंद केलेला स्कोप कोमट पाण्यात बुडवायचा. बुडबुडा आला तर कुठेतरी गळती. तिथे सील घालायचं. दुसरीकडून बुडबुडा. पाणीपुरवठा खात्यातले माझे मित्र तिथे रमले असते.

तर ३३०ची तार. घरी घालावी की जाणकाराकडे पाठवावं? यावर आमचे तट पडले. मी घरच्या बाजूचा. मी लॅम्टनसाहेबाचा दाखला दिला. १८०८ साली तंजावरला, तिथे सरफोजीराजे गादीवर असताना, विल्यम लॅम्टन हिंदुस्थानची मोजणी करत दक्षिणेत पोहोचला होता. त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट देवळाच्या शिखरावर चढवताना दोर सुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. अंशांच्या खुणांची चकतीच वाकडी झाली. दुसरा कोणी असता तर विलायतेला पाठवून वर्षभर चहा पीत बसला असता. लॅम्टनने तंबूत कोंडून घेतलं, मोजके कारागीर सोडून कोणाला आत घेतलं नाही, आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून ती चकती हळूहळू ओढून पुन्हा गोल केली. सहा आठवडे लागले. पुढची मोजणी त्याच यंत्रावर झाली.

"त्याची बायको कुठे होती?" अण्णांच्या पत्नीने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. पार्सल जाणकाराकडे गेलं.

हे जाणकार म्हणजे एक नामशेष होत चाललेली जमात. एल पासोचा कारखाना १९८४ साली बंद पडल्यावर तिथल्याच जुन्या कामगारांनी दुरुस्तीचं काम चालू ठेवलं. असे आणखी काही देशभर विखुरलेले, बहुतेक पेन्शनीच्या वयाचे. अण्णांनी गाठलेल्या गृहस्थांचा फोन फक्त दुपारी लागायचा आणि तोही त्यांना वाटलं तर. त्यांचा पहिला प्रश्न कुठल्याही डॉक्टरचा असतो तोच: "घरी काही उपचार केलेत का?" अण्णा, ज्यांनी आयुष्यात कोणाची भीड बाळगली नाही, ते फोनवर चक्क बिचकले. म्हणाले, "फक्त उघडून बघितलं." पलीकडून उसासा ऐकू आला. घरी उघडलेल्या स्कोपला ते जादा आकार लावतात, आणि तो त्या माणसाच्या उत्साहाच्या प्रमाणात असतो. त्यांना सगळं कळतं. पाना कुठे निसटला, कोणत्या आट्यांत चुकीचं ग्रीस भरलं, कोणती भिंगं उलटी बसवली. युद्धाच्या आसपासच्या काचांवर चकाकी कमी करणारा जो पातळ थर असतो तो फार मऊ. तो रुमालाने घासून काढणारी माणसं तर त्यांच्या लेखी थेट पातकी. आणि अनर्टल स्कोपची गोष्ट ते प्रत्येकाला सांगतात. पिट्सबर्गच्या जॉन अनर्टलच्या स्कोपची रचनाच अशी, की गोळी झाडल्यावर रायफल मागे येते आणि स्कोप आपल्या कड्यांतून पुढे सरकतो, म्हणजे धक्का भिंगांना बसत नाही. नेमबाजाने तो हाताने मागे ओढून घ्यायचा. दर वर्षी कोणीतरी सद्गृहस्थ "सैल झालाय" म्हणून तो करकचून आवळतो आणि मग त्यांच्याकडे पाठवतो.

३३० परत आला तेव्हा टेक्सासातला हरणांचा हंगाम संपून गेला होता. दुरुस्तीचं बिल स्कोपच्या बाजारभावापेक्षा चांगलंच वर. तारा नव्या, काचा लख्ख. सोबत हस्ताक्षरात चिठ्ठी: तारा मधोमध दिसणार नाहीत, हा दोष नाही, कृपया फोन करू नये. त्या काळी नेम जुळवायला बटण फिरवलं की चित्रावरून खुद्द तारच सरकायची. त्यामुळे नेम बरोबर लागलेला आणि फुली मात्र कोपऱ्यात अंग चोरून उभी, असं व्हायचंच. अण्णांनी आधी डोळा लावला. कण नव्हता. मग त्यांनी मला दिला. मी बराच वेळ बघितलं आणि सवयीने समोरच्या पत्रपेटीची उंची वाचली.

आता रायफल निघणार म्हणून लेकीला मी सावधगिरीचा निरोपही धाडला. पण अडचण निघाली. ३३०ची नळी पाऊण इंची आणि आजकालच्या कड्या एक इंचाच्या किंवा त्याहून मोठ्या. जुन्या कड्या शोधल्या. त्या सापडल्या तर कपाटातल्या एकाही रायफलीवर बसेनात. मग त्या कड्यांना शोभेल अशी, त्याच काळातली विंचेस्टर मॉडेल ५४ आली. ती आली, अण्णांनी स्कोप चढवला, बोल्ट उचलला, आणि बोल्टची दांडी स्कोपवर टणकन आपटली. १९२५ साली त्या रायफलीचा आराखडा करणाऱ्यांनी वर दुर्बीण बसेल असं धरलंच नव्हतं. दांडी तापवून वाकवून घ्यावी लागते, आणि ते काम करणारा जाणकार वेगळा. अण्णांनी फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला. अण्णा म्हणाले, "नाही, अजून काही केलेलं नाही," आणि हातातली हीट गन हळूच टेबलाखाली ठेवली.

"किती वेळ लागेल म्हणतात?" त्यांच्या पत्नीने दारातून विचारलं.

"हंगामाच्या आत देतो म्हणाला."

"कुठल्या सालच्या?"